बॅटरीविना उजेड मोजणारा सेन्सर

प्रश्न : आम्ही खाप्याचे. सावनेर तालुक्यात कन्हानच्या काठी आमचं गाव, आणि गावाबाहेर संत्र्याची बाग आहे. धाकट्या भावाची मुलगी नागपूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीत घरी आली तेव्हा सांगत होती की तिला ‘पेरोव्स्काइट’पासून उजेड ओळखणारा सेन्सर बनवण्याचा प्रकल्प मिळाला आहे, आणि त्याला बॅटरी लागतच नाही. तेव्हापासून तीन गोष्टी डोक्यात घोळताहेत. बॅटरी नाही, तर सेन्सर चालतो कशावर? पेरोव्स्काइट हे खनिज असेल, तर आमच्या शेजारच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत ते निघतं का? आणि झाडाच्या आत किती ऊन पोचतं हे मोजायला असा सेन्सर बागेत लावता येईल का?
— एक वाचक, खापा, जि. नागपूर

उत्तर : ज्या उजेडाचं मोजमाप घ्यायचं, त्याच उजेडावर हा सेन्सर चालतो. निरोपही उजेडच आणि इंधनही उजेडच. तुमच्या पुतणीने सांगितलं ते खरं आहे. त्यात एक मेख आहे, ती बागेच्या प्रश्नापाशी सांगतो.

उजेड ओळखण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात, तिथे खांबावर एक छोटा फोटोसेल असतो. अशा अनेक फोटोसेलमध्ये कॅडमियम सल्फाइडची नागमोडी पट्टी असते. तिच्यावर उजेड पडला की तिचा विद्युतरोध घटतो, अंधार झाला की वाढतो. पण रोध घटला की वाढला हे कळायचं, तर तिच्यातून बाहेरून प्रवाह सोडावा लागतो. म्हणजे वीज आलीच. तारेची असो वा सेलची.

दुसऱ्या तऱ्हेत उजेड शोषणाऱ्या पदार्थाच्या, इथे पेरोव्स्काइटच्या, दोन अंगांना दोन भिन्न स्वभावाचे थर देतात. एका अंगाला टिन ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड. हा थर इलेक्ट्रॉनला वाट देतो. दुसऱ्या अंगाला निकेल ऑक्साइडसारखा थर. तो इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेला, म्हणजे ‘होल’ला, वाट देतो. या दोन थरांच्या फरकामुळे मधल्या पदार्थात मुळातच एक विद्युतक्षेत्र तयार झालेलं असतं. प्रकाशकण आत शिरला आणि त्याने इलेक्ट्रॉन मोकळा केला, की हे क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकीकडे आणि होलला दुसरीकडे नेतं. दोन टोकांना तार जोडली की प्रवाह वाहू लागतो. घरावरचं सौर पॅनल हेच करतं. पॅनलकडून आपण वीज मागतो, सेन्सरकडून आकडा मागतो, एवढाच फरक.

हा आकडा केवढा असतो? एक चौरस मिलिमीटरच्या पेरोव्स्काइट सेन्सरवर भर दुपारचं ऊन पडलं तर सुमारे ०.२ मिलिॲम्पिअर प्रवाह मिळतो. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात तोच सेन्सर अर्ध्या मायक्रोॲम्पिअरच्या आसपास येतो, म्हणजे शेकडो पटींनी खाली. तरीही तो नीट मोजता येतो, कारण बाहेरून व्होल्टेज दिलेलंच नसल्यामुळे अंधारात उगाच झिरपणारा प्रवाह जवळजवळ नसतो. पार्श्वभूमी इतकी शांत असली की मंद उजेडाची खूणही त्यातून उठून दिसते.

ही कल्पना नवी नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. उजेडातून थेट वीज मिळते हे फ्रान्सच्या एडमंड बेकेरेल यांनी १८३९ साली दाखवलं. जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलेनाच्या, म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या, डिटेक्टरला १९०४ साली अमेरिकन पेटंट मिळालं. तो रेडिओलहरींसाठी गाजला, पण उजेडालाही प्रतिसाद देत असे. १९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने छायाचित्रकारांसाठी सेलेनियमचा उजेडमापक बाजारात आणला. त्यात सेल नव्हता. उजेडाच्या जोरावरच काटा हलायचा. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा सिलिकॉनचा साधा फोटोडायोडही बॅटरीविना प्रवाह देतो. तेव्हा ‘स्वयं-ऊर्जित’ असणं ही पेरोव्स्काइटची मक्तेदारी नव्हे.

मग एवढी धावपळ कशासाठी? कारण पदार्थच विलक्षण आहे. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यापासून शुद्ध स्फटिक ओढायचा, त्याच्या चकत्या पाडायच्या, हा मोठ्या कारखान्याचा मामला. पेरोव्स्काइट द्रावणातून, शंभर अंशांच्या तव्यावर तयार होतं. सिलिकॉन उजेड सावकाश शोषतं, म्हणून पॅनलमधली त्याची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड असते. पेरोव्स्काइटला अर्धा मायक्रॉन पुरतो. शिवाय कोणता रंग ओळखायचा हे ठरवणं आपल्या हातात असतं. आयोडीन घातलं तर सेन्सर जांभळ्यापासून तांबड्याच्या पलीकडे, सुमारे ८०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो. ब्रोमिन घातलं तर हिरव्यापाशी, ५४० नॅनोमीटरच्या आसपास थांबतो. क्लोरीन घातलं तर त्याला जवळपास फक्त अतिनील किरणच दिसतात. वेगळी गाळणी बसवायची गरज नाही.

तुमची पुतणी प्रयोगशाळेत काय करत असेल ते जवळून पाहू. लेड आयोडाइड ही पिवळीधमक भुकटी आणि मिथाइल अमोनियम आयोडाइड ही पांढरी, दोन्ही तोलून द्रावकात विरघळवायच्या. पिवळसर, निवळ द्रावण होतं. काचेच्या चौकोनी तुकड्यावर पारदर्शक विद्युतवाहक थर आधीच दिलेला असतो, त्याच्यावर इलेक्ट्रॉनला वाट देणारा थर असतो. त्यावर द्रावणाचे थेंब टाकून तुकडा मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरवतात. खरी कसोटी यानंतरची. फिरणं सुरू झाल्यावर दहाएक सेकंदांत, नेमक्या क्षणी, वरून दुसऱ्या द्रावकाची धार सोडायची. हा द्रावक पहिल्याला ओढून घेतो आणि सगळीकडे एकदम बारीक स्फटिक पडू लागतात. दोन सेकंद उशीर झाला की थर दुधाळ होतो, तुकडा वाया. वेळ साधली तर थर निवळ राहतो, आणि शंभर अंशांच्या तव्यावर ठेवल्यावर डोळ्यांदेखत पिवळसर, मग तपकिरी, मग आरशासारखा काळपट होतो. हातमोजे आणि बंद पेटी यात सक्तीची आहेत, कारण शिसंही विषारी आणि द्रावकही. ब्रोमिनच्या द्रावणातून मोठे स्फटिक वाढवले तर ते पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचे निघतात. पुतणीला एखादा दाखवायला सांगा, बाटलीतच, हात न लावता.

२००९ साली जपानमध्ये त्सुतोमू मियासाका आणि त्यांचा विद्यार्थी अकिहिरो कोजिमा यांनी हा पदार्थ सौरघटात वापरला, तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सेन्सरच्या बाजूने मोठी उडी २०१४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या यांग यांग यांच्या गटाने घेतली. त्यांचा सेन्सर सेकंदाला तीस लाख वेळा लुकलुकणारा उजेडही पकडू शकत होता, आणि मंद उजेड ओळखण्यात तो सिलिकॉनला मागे टाकणारा होता.

आता मला ज्या मुद्द्याचं सर्वांत अप्रूप वाटतं, तो. पेरोव्स्काइट हा मऊ, आयनांचा पदार्थ आहे. त्याच्या जाळीतले आयोडीनचे आयन जागच्या जागी पक्के बसत नाहीत. बाहेरून व्होल्टेज दिलं की ते हळूहळू एका टोकाकडे सरकतात. मग सकाळी घेतलेला आकडा आणि दुपारी घेतलेला आकडा जुळत नाही. अंधारातला प्रवाह चढत जातो. काही दिवसांत धातूचा संपर्कही खराब होतो. मोजमापाच्या साधनाला याहून मोठा रोग नाही. व्होल्टेजच दिलं नाही, तर आयनांना बाहेरून ढकलणारंच कुणी उरत नाही. म्हणून बॅटरी काढून टाकण्याचा मुख्य लाभ वीज वाचण्यात नाही. या पदार्थाकडून भरवशाचा आकडा मिळवायचा, तर तो शून्य व्होल्टला सहज मिळतो. पेरोव्स्काइट आणि ‘बॅटरीविना’ यांची जोडी इतकी जमते ती यामुळे. याची किंमत वेगात मोजावी लागते, कारण ओढणारं बाहेरचं बळ नसल्यामुळे इलेक्ट्रॉन थोडे संथ पोचतात. बागेतल्या उन्हाला त्याने काही फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न गुमगावचा. पेरोव्स्काइट नावाचं मूळ खनिज म्हणजे कॅल्शियम टायटेनेट. ते १८३९ साली रशियाच्या उरल पर्वतात सापडलं, आणि गुस्टाव्ह रोझ यांनी त्याला लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजसंग्राहकाचं नाव दिलं. बेकेरेलचा प्रयोगही त्याच वर्षीचा. दोन्ही गोष्टींची गाठ पडायला मात्र पुढे १७० वर्षं गेली. सेन्सरमधला पदार्थ हे खनिज नव्हे. त्याच्या अणूंची मांडणी तेवढी तशीच असते, म्हणून त्याला ते नाव चिकटलं. तो प्रयोगशाळेतच बनतो, खाणीत निघत नाही.

गुमगावला मॉयल या खाणकंपनीची भूमिगत खाण आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या सौसर गटाच्या प्राचीन खडकांमधलं मँगनीज तिथे निघतं. या पट्ट्याचा पायाभूत अभ्यास ल्युइस फर्मोर यांनी केला आणि तो १९०९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. त्या खडकांत कॅल्शियम टायटेनेटची अपेक्षा ठेवू नये. तशी मांडणी असलेलं खनिज खाप्याखाली आहे, पण फार खोल. ६६० किलोमीटरच्या खाली पृथ्वीच्या प्रावरणात ब्रिजमनाइट नावाचं मॅग्नेशियम सिलिकेट याच मांडणीत असतं, आणि पृथ्वीवर सर्वांत विपुल खनिज तेच.

तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, कारण मँगनीजचा या कुळाशी दुहेरी संबंध आहे. लॅन्थॅनम आणि मँगनीजची काही ऑक्साइडं याच मांडणीची असतात. चुंबकाजवळ नेलं की त्यांचा विद्युतरोध कमालीचा बदलतो. पुण्याचे सतीशचंद्र ओगले यांनी या मँगनाइटांवर मोठं काम केलं, आणि पुढे ‘आयसर पुणे’ या विज्ञानसंस्थेत ते शिशाच्या पेरोव्स्काइटकडेही वळले. दुसरा संबंध थेट उजेडाचा. सिझियम-लेड-क्लोराइडच्या अतिसूक्ष्म स्फटिकांत थोडं मँगनीज मिसळलं, तर ते न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि सुमारे ६०० नॅनोमीटरचा नारिंगी उजेड बाहेर टाकतात. असा लेप साध्या सिलिकॉन सेन्सरवर दिला, की जे किरण त्याला नीट पकडता येत नव्हते तेही त्याला कळू लागतात. मँगनीज घातलेल्या अशा अतिपातळ पत्र्यांवर आयसर पुण्यातल्या अंगशुमन नाग यांच्या गटाने २०१७ साली काम प्रसिद्ध केलं. गुमगावचं मँगनीज जातं ते प्रामुख्याने पोलादासाठी. सूक्ष्म स्फटिकांना लागेल ते चिमूटभर आणि अतिशुद्ध. पण धातू तोच.

पुतणीला वाचायला अजून काही नावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संदेश जाडकर यांच्या गटाने पेरोव्स्काइटवर काम केलं आहे. मुंबईच्या आयआयटीत दिनेश काब्रा आणि सहकारी सिलिकॉनवर पेरोव्स्काइट ठेवून दुहेरी सौरघट बनवतात, आणि त्यांची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या जवळ पोचली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले सावंता माळी दक्षिण कोरियातल्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात काम करतात. निव्वळ अजैविक पेरोव्स्काइटचे दोन वेगळे स्फटिकी अवतार एकावर एक चढवून त्यांच्या गटाने २०२३ साली २१.५ टक्क्यांच्या वरचा घट बनवला. त्यातला एक थर ते गरम हवेच्या झोतात वाळवतात. कोरड्या नायट्रोजनच्या महागड्या पेटीविना काम करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या महाविद्यालयांना ही वाट जास्त जवळची आहे. सौरघटाचं यातलं बरंचसं शहाणपण सेन्सरलाही लागू पडतं.

आता बाग. इथे मी हातचं राखून सांगणार नाही : यंदा तुम्ही पेरोव्स्काइटच्या नादी लागू नका.

पहिलं कारण आपली हवा. मिथाइल अमोनियमच्या पेरोव्स्काइटची स्फटिकरचना ५४ ते ५७ अंशांच्या दरम्यान बदलते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ ओलांडतो. उन्हातल्या डबीच्या आत साठ सहज होतात. म्हणजे रोज दुपारी रचना बदलायची, रोज रात्री पुन्हा पूर्ववत. पाठोपाठ पावसाळा. ओलाव्याने हा काळा थर फुटून पुन्हा पिवळं लेड आयोडाइड होतो, आणि एकदा पिवळा पडला की सेन्सर संपला. सौर पॅनलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. बागेत लावायच्या सेन्सरकडूनही मी तेवढीच अपेक्षा धरीन. सिझियम-लेड-ब्रोमाइड उष्णतेला बरंच टिकतं, त्याची रचना ८८ अंशांपर्यंत बदलत नाही. पण ते हिरव्याच्या पुढे पाहत नाही, आणि झाडाचं पान ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे तांबड्यापर्यंतचा उजेड वापरतं.

मग आयोडीन आणि ब्रोमिन मिसळून नेमकं ७०० नॅनोमीटरला थांबणारं पेरोव्स्काइट का करू नये? पुतणी हे विचारीलच. तिथेच अडतं. अशा मिश्रणावर ऊन पडत राहिलं की आयोडीन एकीकडे, ब्रोमिन दुसरीकडे गोळा होऊ लागतं आणि सेन्सरला दिसणारे रंगच सरकतात. स्टॅनफर्डच्या एरिक होक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हे दाखवलं. व्होल्टेज काढून आयनांची एक हालचाल आपण थांबवली. ही दुसरी मात्र खुद्द उजेडच घडवून आणतो. ज्याला पानाच्या उजेडाचा चांगला सेन्सर करायचा आहे, त्याचं खरं काम या ठिकाणी आहे.

दुसरं कारण शिसं. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस सेंटिमीटरला साधारण ०.०७ मिलिग्रॅम शिसं असतं. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा एक सेन्सर फुटून सगळं शिसं पाण्यात उतरलं, तर सुमारे पाऊण लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेवर पोचतं. ती मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एका सेन्सरने विहीर बिघडणार नाही. पण फळबागेच्या मातीत असे शेकडो तुकडे विसरले जाणं मला पटणार नाही. शिशाऐवजी बिस्मथ किंवा कथील वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. बिस्मथची पेरोव्स्काइटं टिकाऊ असतात पण प्रवाह कमी देतात. कथलाची हवेत लवकर बिघडतात.

आणि आता ती मेख. बॅटरी लागत नाही ती फक्त सेन्सरला. त्याने दिलेला इवलासा प्रवाह वाढवायचा, त्याचा आकडा करायचा, साठवायचा, फोनवर पाठवायचा, या प्रत्येक कामाला वीज लागते. म्हणून बागेतल्या डबीला छोटं सौर पॅनल आणि साठवणीचा सेल हे द्यावेच लागतात. ‘स्वयं-ऊर्जित’ असं छापलेल्या वस्तूच्या खोक्यात सेल निघाला, तर फसवणूक झाली असं समजू नका.

तुम्हाला झाडाच्या आतलं ऊन मोजायचं असेल, तर ते आजच होईल. नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘बीपीडब्ल्यू ३४’ नावाचा सिलिकॉन फोटोडायोड मागा. त्याचे दोन पाय मल्टिमीटरच्या दोन टोकांना जोडा आणि मीटर मिलिॲम्पिअरवर ठेवा. व्होल्टवर ठेवू नका. उजेड दहापट घटला तरी व्होल्टेज थोडंच उतरतं, प्रवाह मात्र उजेडाच्या प्रमाणात पडतो. निरभ्र दिवशी दुपारी बारा वाजता डायोड आभाळाकडे सपाट धरून आधी उघड्यावर आकडा घ्या, मग झाडाच्या घेराच्या कडेला, मग बुंध्यापाशी. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा जागी घेऊन सरासरी काढा, कारण पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके एकाच आकड्याला चकवतात. एक दोष लक्षात ठेवा : पानांतून झिरपणारा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेडही सिलिकॉन मोजतं, त्यामुळे आतला आकडा खऱ्यापेक्षा जास्त येईल. झाडाझाडांची तुलना करायला एवढं पुरतं. संत्र्याच्या एका पानाला पूर्ण उन्हाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वर जास्तीचं ऊन फारसं वापरता येत नाही. आत त्याच्या बरंच खाली जात असेल, तर छाटणीचा विचार करायला हवा. ती किती आणि केव्हा, हे आंबिया बहार घेता की मृग बहार यावर ठरेल, आणि त्यासाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञांना तुमचे आकडे घेऊन भेटा.

पुतणीला माझा एक आग्रह कळवा. तिचे सेन्सर तयार झाले की दोन चांगले निवडून काचेत पक्के बंद करावेत. एक प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावा, दुसरा खाप्याच्या घराच्या गच्चीवर, खाली ताटली ठेवून, एप्रिल ते सप्टेंबर. दर आठवड्याला एकाच दिव्याखाली, शून्य व्होल्टला, दोघांचा प्रवाह आणि शेजारी त्या दिवसाचं कमाल तापमान लिहावं. गच्चीवरचा सेन्सर जुलैत पिवळा पडला, तरी ती नोंद तितकीच मोलाची. ते आकडे तिने या सदराकडे पाठवावेत. आम्ही तिच्या नावासह छापू.